श्वास घेणारी तार

तारेला स्वतःचा आवाज नसतो, हे वाक्य मी दुकानाच्या भिंतीवर रंगवून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. वाशीमच्या बाजारात चौतीस वर्षं मी रेडिओ, टेप, अॅम्प्लिफायर दुरुस्त केले. आता दुकान पुतण्या बघतो आणि मी गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसून त्याच्या चुका काढतो. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, सुधाकरभाऊ, धंद्यातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट पुढे येऊन उभी राहते, आणि ती गंमत नाही. म्हणून आधी ती सांगून मोकळा होतो.

त्याआधी थोडं तारेविषयी. जुन्या टेपमधून अॅम्प्लिफायरकडे जाणारी तार खरोखरच आवाज वाहून नेते, म्हणून ती खराब असली की आवाज बिघडतो. सीडी प्लेयर आणि त्याच्या पुढचा डबा यांच्यामधली डिजिटल तार मात्र आवाज नेत नाही, आकडे नेते. पुढचा डबा त्या आकड्यांवरून आवाज तयार करतो. फोनवर कुणी मोबाइल नंबर सांगत असेल, तर त्याचा गळा बसलेला असो की गोड असो, आपण लिहून घेतो तो नंबर तोच राहतो. लाइन फारच खराब असेल तर नंबर चुकेल, खरखर होईल, गाणं तुटेल. पण तार बदलली म्हणून सारंगी गोड झाली, तबला दोन पावलं पुढे आला, असं काही होत नाही.

हे लोकांना पटवायला मी एक युक्ती काढली होती. यंत्रांपुढे चादर बांधायची. गिऱ्हाइकाने चादरीच्या अलीकडे बसायचं, मी पलीकडे. मी तारा बदलणार, त्याने कोणती लागली आहे ते ओळखायचं. हरेल त्याने चहा पाजायचा. मानोऱ्याचे एक गुरुजी होते, संगीताचे फार शौकीन. पुण्याहून त्यांनी बोटाएवढ्या जाडीची डिजिटल तार मागवली होती, तिच्या टोकांना सोनेरी टोपणं. चादरीपलीकडे मी स्वस्थ बसून राहिलो. एकदाही हात लावला नाही. नुसतं दर पाच मिनिटांनी "लावली" म्हणायचो.

"आता पाहा, आता पाहा!" गुरुजी मांडीवर थाप मारून म्हणाले. "पडदा हटल्यासारखा वाटून राह्यला!"

पडदा मी हटवला तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. दोन महिने ते दुकानाकडे फिरकले नाहीत, मग एक दिवस स्वतःच चहा घेऊन आले. अशा चादरीपुढे मी कधी हरलो नव्हतो, आणि त्याचा मला माज होता. हे आधीच कबूल केलेलं बरं.

हुकुमचंदजी आले तो चैत्राचा महिना होता. त्यांचं कापडाचं मोठं दुकान, सारा गाव त्यांना शेठजी म्हणायचा. घर दुकानापासून लांब, मागे अंगण असलेलं. आदल्या वर्षी त्यांच्या पत्नी कमलाबाई गेल्या. मुलगा पुण्याला नोकरीत. शेठजी एकटेच राहत, जेवणाचा डबा बहिणीकडून यायचा. कमलाबाई स्तवनं फार सुंदर म्हणत. मुलाने घरातच त्यांची आठ स्तवनं रेकॉर्ड करून एक सीडी बनवली होती. शेठजी रोज दुपारी जेवण झालं की ती लावून बसत.

दुकानात आले, ते सरळ बाकावर बसले. खिशातून रुमालात गुंडाळलेली एक जुनी तांब्याची डिजिटल तार काढली. एका टोकाला प्लग हलत होता.

"भाऊ, अशीच दुसरी बनवून पाहिजे. अगदी अशीच."

मी म्हटलं, "शेठजी, आता काचेसारख्या धाग्याच्या तारा मिळतात, लाल उजेडाच्या. घरी आहे की तुमच्याकडे, मुलाने आणली होती."

"थेच त सांगून राह्यलो. पोरानं दिवाळीत थे उजेडाची तार लावली, अन् ही कपाटात टाकली. थो गेला अन् मी हीच पुन्हा काढून लावली. थ्या तारेतून गाणं येते, पण कमला येत नाही."

मी हसलो. हसायला नको होतं.

"या तारेतून कमलाबाई येतात म्हणजे काय?"

शेठजींनी इकडेतिकडे पाहिलं. पुतण्या लांब होता, तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"श्वास घेते. एक स्तवन सरलं, दुसरं सुरू व्हायच्या आधी. मी रोज ऐकतो, भाऊ. हा प्लग तुटला त मंग थे कायम गेली समजा. तुमी हसा खुशाल, पण मले दुसरी बनवून द्या."

एखाद्याने हृदयाच्या गोळीची चिठ्ठी दाखवावी तशी त्यांनी ती तार माझ्यापुढे धरली होती. तार बनवून देणं दहा मिनिटांचं काम. ते करून गप्प बसायला हवं होतं. पण माझ्यातला चादरवाला जागा झाला. मी म्हटलं, उद्या दुपारी घरी येतो, खात्री करू आणि मगच बनवू.

दुसऱ्या दिवशी मी चादर घेऊनच गेलो. बैठकीची खोली थंड, खिडक्यांना पडदे, भिंतीजवळ यंत्रं. शेजारी एक जुना व्होल्टेज स्टॅबिलायझर गुरगुरत होता. मी चादर बांधली, दोन्ही तारा जवळ घेतल्या. शेठजी आरामखुर्चीत डोळे मिटून बसले. मी तांब्याची तार लावली.

स्तवन चालू असताना ते काहीच बोलले नाहीत. ते संपलं, मधली शांतता आली आणि ते म्हणाले, "हाय."

उजेडाची तार लावली. स्तवन, शांतता. "नाही."

पुन्हा उजेडाचीच लावली. "नाही." तांब्याची. "हाय." मग गुरुजींना फसवलं तसं फसवायला मी काहीच न बदलता मोठ्याने खडखड केली. "बदलली नाही तुमी. हाय थे." बारा वेळा विचारलं. बारा वेळा बरोबर.

मी म्हटलं, शेठजी, तुम्ही इकडे बसा, मी तिकडे येतो. मी आरामखुर्चीत बसलो. कमलाबाईंचा आवाज मी हयातीत ऐकला नव्हता. सीडीवरचा आवाज खरखरीत पण अगदी सुरातला होता. स्तवन संपलं. शांतता. आणि त्या शांततेत कुणीतरी हळूच श्वास घेतला. छाती भरत जावी तसा वर चढत गेला, क्षणभर थांबला, आणि सुटला. मग पुन्हा.

मी सीडी थांबवायला सांगितलं. सीडी थांबली. श्वास थांबला नाही.

शेठजी चादरीमागून म्हणाले, "हे तुमाले नव्हतं सांगतलं. सीडी बंद केली तरी घटकाभर बसते माह्यापाशी."

त्या खोलीतून उठून जावं असं मला फार वाटलं. पण माणूस घाबरला की हातातलं काम करू लागतो. मी सीडी माझ्या लॅपटॉपवर लावून हेडफोनने ऐकली. दोन स्तवनांमध्ये काहीच नव्हतं. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "काका, मधल्या सगळ्या जागा मी पूर्ण कोऱ्या केल्या होत्या, आईचं खोकणं वगैरे काढायला." म्हणजे सीडीवर श्वास नव्हता. मग तो तारेतूनच येत होता, आणि तारेला आवाज नसतो असं तर मी जन्मभर सांगत आलेलो.

बॅगेत तांब्याची वायर होतीच. तिथल्या तिथे दुसरी तार बनवली, लावली. तिच्यातूनही श्वास आला. शेठजींचा चेहरा उजळला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "झालं भाऊ! आता चिंता नाही. चहा घ्या."

त्यांचं काम झालं होतं, माझं झालं नव्हतं. चहा होईपर्यंत मी वायरिंग बघत फिरू लागलो. तांब्याच्या तारेत आकड्यांच्या वाटेभोवती एक जाळी असते, आणि ती जाळी दोन यंत्रांचे पत्रे एकमेकांना जोडते. घराचं अर्थिंग बरोबर नसेल, तर पत्र्यावर उतरलेली भटकी वीज त्या जाळीवाटे अॅम्प्लिफायरमध्ये शिरते आणि घुमू लागते. उजेडाच्या तारेत धातूच नाही, त्यामुळे तिच्यातून आकड्यांखेरीज काही जात नाही. विजेची तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये बल्ब लावून पाहिला, तो नुसता मिणमिणला; म्हणजे अर्थिंग जवळजवळ नव्हतंच. आणि तो जुना स्टॅबिलायझर दाब सावरायला सारखा वर-खाली करत होता, त्याच्या चालीने घुमणंही वर चढत होतं आणि उतरत होतं. मला एवढं हायसं वाटलं की मी एकटाच हसलो.

मागच्या अंगणात गेलो. मोगऱ्याच्या आळ्याशेजारी अर्थिंगचा खड्डा होता. कोळसा आणि मीठ भरून त्यात पट्टी पुरलेली असते. माती ओली असेल तोवरच ती वीज जमिनीत नेते. इथे मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. आमच्या धंद्यात एक सवय असते. माझे उस्ताद शिकवून गेले, कुणाच्याही दारी कोरडा अर्थिंगचा खड्डा दिसला तर विचारत बसू नका, पाणी ओता, कुणाचा तरी जीव वाचेल. जवळ बादली भरलेली होती. मी ती ओतली. मातीने ते पाणी चुरचुर आवाज करत पिऊन टाकलं. मग दुसरी ओतली.

आत आलो तेव्हा शेठजी स्पीकरसमोर उभे होते. हातात चहाचा कप तसाच होता आणि स्पीकरमधला श्वास थांबला होता.

"काय केलं तुमी?"

मी मोठ्या अभिमानाने सगळं समजावलं. खड्डा, भेगा, जाळी, स्टॅबिलायझर. वर म्हणालो, "अर्थिंग नसताना शॉक लागून मेला असता शेठजी. या खड्ड्यात रोज पाणी घालायला पाहिजे, कुणी घालत नव्हतं का?"

ते खुर्चीत बसले. कप खाली ठेवून म्हणाले, "कमलाच घाले. घर बांधलं तवा वायरमननं तिले सांगतलं होतं. रोज सकाळी तुरीची डाळ धुतली का थे पाणी तिथं टाके. चाळीस वर्षं. एक दिवस खंड नाही."

आता मलाही कळलं. त्या होत्या तोवर खड्डा ओला होता, म्हणून यंत्रातून काहीच येत नव्हतं. त्या गेल्या, खड्डा सुकत गेला आणि श्वास सुरू झाला.

"म्हणजे थे नाही, म्हणून थे ऐकू येत होती," शेठजी म्हणाले. "अन् तुमी दोन बादल्यात तिले पुन्हा नेली. भाऊ, मले हे सांगायची काय गरज होती?"

गुरुजींचा पडदा हटवला तेव्हा एक भ्रम गेला होता. इथे काय गेलं, याचा हिशेब मला अजून लागत नाही. त्या माणसाला दुपारची घटकाभर सोबत होती आणि मी माझं खरं ठरवण्यासाठी ती काढून घेतली. याची मला फार लाज वाटते.

मी म्हटलं, उन्हाळा आहे, आठ दिवसांत खड्डा सुकेल, पुन्हा येईल श्वास. कुणी पाणी टाकू नका. शॉकच्या भीतीने मी घराच्या मेन स्विचजवळ वीज गळताच तोडणारा खटका बसवून दिला. जन्मभर लोकांचं अर्थिंग सुधारलं, आणि इथे ते बिघडावं म्हणून वाट पाहू लागलो.

पंधरा दिवसांनी शेठजींचा फोन आला. "भाऊ, येत नाही अजून."

मी गेलो. ऊन असं की अंगणातली फरशी चपलेतून चटके देत होती. मोगऱ्याचं आळं वाळून कडक झालं होतं. त्याच्याशेजारी अर्थिंगचा खड्डा ओला होता. ताटलीएवढी माती काळी, थंड. मी बोट घातलं. बोटाला तुरीच्या डाळीचं एक टरफल चिकटून आलं.

झाडलोट करायला येणाऱ्या बाईंना विचारलं. त्या भडकल्या. "मी कायले टाकू? शेठजीनं मना केलं हाय. अन् डाळ धुतेच कोन इथं? डबा येते बाहेरून." शेठजींकडे पाहिलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. त्या बाजूला नळाची पाइपलाइन नाही, हे मी स्वतः तपासलं, आणि नळाला तर त्या आठवड्यात पाणीच आलं नव्हतं. शेवटी मी खड्ड्यावर फरशी ठेवली, फरशीवर दगड ठेवला. दोन दिवसांनी येऊन दगड उचलला, फरशी उचलली. वरून फरशी तापलेली. खाली माती ओली.

मी तिथेच उकिडवा बसलो होतो. शेठजी मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं रडतील, पण ते हसले.

"राहू द्या भाऊ. तिले नाही पटत. गाण्याआधी दम घ्यायची तवा मले म्हणे, बाहेर जा, असं टक लावून ऐकू नका. सुरू केलं का या." मग म्हणाले, "तिचंच ऐकू आता."

त्यांनी स्वतःच्या हाताने उजेडाची तार लावली. जुनी तांब्याची तार आणि मी बनवलेली नवी, दोन्ही मला देऊन टाकल्या. त्या दुकानात खिळ्याला टांगलेल्या आहेत. पुतण्याने त्या एकदा विकायला काढल्या तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो होतो.

तुम्ही म्हणाल, शेठजीच ओतत असतील, एकटा म्हातारा माणूस. मीही मनाशी तेच धरून चाललो होतो. त्यांनीच डाळ धुवावी, त्यांनीच ओतावी, आणि मला सांगू नये. त्यात वाईट काय? तसं धरलं की मला झोप लागायची.

यंदा होळीनंतर त्यांची तब्येत फार बिघडली आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. आता ते खाटेवरच असतात. जाताना घराची किल्ली माझ्या हातात दिली. घर बंद आहे, वीज बंद आहे, झाडणाऱ्या बाईही आता येत नाहीत. रोज सकाळी आठला शेठजींचा फोन येतो. एकच प्रश्न.

"ओली हाय ना भाऊ?"

मी अंगणातूनच उत्तर देतो. "ओली आहे."

"तुमी त नाही टाकत ना?"

"नाही शेठजी."

फोनमधून त्यांचा श्वास ऐकू येतो, आणि मग फोन ठेवल्याचा आवाज. डॉक्टरांनी काय सांगितलं आहे ते मुलाने मला कळवलं आहे. एवढ्या एका उत्तरावर त्यांचा दिवस निघतो, असंही तो म्हणाला. एखाद्या सकाळी माती कोरडी निघाली तर त्यांना काय सांगायचं, याची मला फार भीती वाटते. गुरुजींपासून शेठजींपर्यंत सगळ्यांना मी खरंच सांगत आलो, आणि आता या वयात खोटं बोलावं लागेल. म्हणून पहिल्या दिवसापासून मी घरून पाण्याचा तांब्या भरून नेतो. माती कोरडी दिसली तर आधी पाणी ओतायचं आणि मग फोन घ्यायचा, असं ठरवून ठेवलं आहे.

फाटक उघडतो, मोगऱ्याजवळ जातो, वाकून बघतो. तांब्या रोज भरलेलाच घरी परत आणतो.